सही केली आणि बंगला गेला!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मालिकांत मेलेली माणसं परत येतात, यावर आपल्या अंकात अधूनमधून पत्रं येतात. मला त्या माणसांचा राग नाही. 2001 साली ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मधला मिहीर गेला तेव्हा आमच्या गल्लीत दोन घरी धड चूल पेटली नव्हती. तो परतला तेव्हा त्याच बायका ओट्यावर बसून ‘इतला दिन कथा व्हता हाऊ?’ (इतके दिवस कुठे होता हा?) म्हणत हसत होत्या. खोटं ते खोटं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माझी तक्रार मालिकेतल्या सहीबद्दल आहे, कारण तिथे कुणी हसत नाही.

मी अमळनेर-पारोळा भागात 31 वर्षं तलाठी होतो. (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावासाठी भाऊसाहेब ते भाऊसाहेबच.) निवृत्तीनंतर साडेसात ते दहा रिमोट सौभाग्यवतींच्या हाती, त्यामुळे पाहणं आलंच. मालिका कुठलीही असो, सहा महिन्यांत एकदा तो प्रसंग ठरलेला. काकू किंवा नणंद पूजेच्या यादीखाली कागद सरकवते, सून न वाचता सही करते, तिचा चेहरा तीन बाजूंनी तीनदा दाखवतात आणि दुसऱ्या दिवशी अख्खं खानदान पिशव्या घेऊन फाटकाबाहेर!

अहो, इतकं सोपं असतं तर आम्ही 31 वर्षं काय केलं? घर किंवा जमीन बक्षीस द्यायची तर दस्त नोंदवावा लागतो. त्यासाठी दुय्यम निबंधकासमोर उभं राहायचं, फोटो, अंगठा, ओळख पटवणारी माणसं. मग शेतजमीन असेल तर तलाठ्याकडे फेरफार, म्हणजे नोंदीतलं नाव बदलणं. संबंधितांना नोटीस, चावडीवर नोटीस, हरकतीला 15 दिवस. हरकत आली की प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत, सुनावणी, आणि निकाल पटला नाही तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील. फसवून किंवा धाक दाखवून घेतलेली सही न्यायालयात रद्दही होते. कोऱ्या कागदावर सही करू नये हे खरंच, पण रात्री सही आणि सकाळी बंगला, हे जमवणारी काकू मला जळगाव जिल्ह्यात तरी भेटली नाही. मृत्युपत्राचंही तेच. दिवाणखान्यात सगळ्यांना बसवून वकील मोठ्याने वाचतो, असा सोहळा मी एकाही घरी पाहिला नाही.

खरी गंमत तर उलट्या बाजूला आहे. आझमगढच्या लालबिहारींना नातेवाइकांनी जमिनीसाठी सरकारी कागदावर मेलेलं दाखवलं. ते नावापुढे ‘मृतक’ लावून भांडत राहिले. कागदावर जिवंत व्हायला 1994 साल उजाडलं. मालिकेतला माणूस सोमवारच्या भागात जिवंत होतो आणि त्याचं रेशनकार्डसुद्धा कुणी विचारत नाही.

रोज बावीस मिनिटं भरायची, दर गुरुवारी टीआरपी यायचा, लेखकांची ओढाताण मला कळते. कुणी म्हणेल, करमणूकच आहे, मनावर कशाला घेता? तर ऐका. नोकरीच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. सत्तरीच्या एका आजींचे मालक वारले होते. वारसनोंदीच्या अर्जावर त्यांचा अंगठा हवा होता. त्यांनी हात पदराखाली घेतला. ‘भाऊसाहेब, मी आंगठा देवाव नही. टीव्हीमा दखेल शे मी.’ तो अंगठा त्यांचं नाव सातबाऱ्यावर लावण्यासाठी होता, काढण्यासाठी नव्हे! मी अर्ज दोनदा मोठ्याने वाचला, शेजारच्या शिक्षकाला बोलावून त्याच्याकडून तिसऱ्यांदा वाचून घेतला, तरी त्या उठून गेल्या. दीड महिन्याने आल्या. तेवढ्यात पीककर्जाची वेळ निघून गेली होती.

आणि जिथे खरोखर घाबरायला हवं, तिथे टीव्ही गप्प. 2005 च्या कायद्यापासून हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर तो कायदा लागू झाला त्या दिवशी बाप हयात नसला तरी हा हक्क राहतो, असं सांगून टाकलं. आमच्याकडे मात्र आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेक माहेरी येते, झोके होतात, खापरावरचे मांडे होतात आणि दोन दिवसांनी भाऊ तिला गाडीवर बसवून तालुक्याला हक्कसोडपत्रासाठी नेतो. विष नाही, कारस्थान नाही, बहीण पूर्ण शुद्धीत. ‘कॅमेऱ्याकडे बघा’ म्हटल्यावर ती पदर सारखा करते. भाऊ त्या वेळी बाहेर पानटपरीवर. अशाच एकीला मी विचारलं होतं, ताई, काय सोडताय ते माहीत आहे ना? म्हणाली, ‘माहीत शे. माहेर तुटाले नको, बस.’ परतताना भावाने तिला साडी घेतली. घासाघीस करून घेतली, हे दुकानदाराने नंतर मला सांगितलं.

या एका दुपारवर महिनाभराचे भाग निघतील. मालवणी मालिकेतून घराघरांत गेली, कोल्हापुरीही गेली. आमच्या अहिराणीला अशा एखाद्या बहिणीचे संवाद द्या की.

आमच्या घरी मात्र थोडी सुधारणा आहे. परवा पुन्हा तोच प्रसंग आला, सुनेने सही केली, नगारे वाजले. सौभाग्यवती शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘नोटीस निघाली का हो हिची? पंधरा दिवस कुठे झाले अजून?’

आपला,
एक निवृत्त तलाठी,
ता. अमळनेर, जि. जळगाव