काउंटरपलीकडून विचारलेल्या प्रश्नांबद्दल

प्रिय फार्मासिस्टताई,

सप्रेम नमस्कार.

पार्किन्सन्ससाठीच्या प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल या गोळ्यांची पट्टी मागितली की तुम्ही आधी चिठ्ठीची तारीख बघता. जुनी असेल तर ‘एकदा डॉक्टरांना दाखवून या’ म्हणता. मग आवाज खाली आणून सोबतच्या शुभंकराला, म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसाला, विचारता: खरेदी वाढलीय का? लॉटरी, मटका, शेअरचं इंट्राडे? रात्री उठून खाणं? शरीरसंबंधाची मागणी? शेवटचा प्रश्न दवाखान्यात क्वचितच निघतो आणि घरचं माणूस तो स्वतःहून काढत नाही. त्याबद्दल आम्हा शुभंकरांकडून सर्वात आधी तुमचे आभार.

घरोघरी याला म्हातारचळ म्हणून मोकळे होतात. खरं तर ही औषधं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाची नक्कल करतात. हालचालींच्या भागात डोपामिन आटलेलं असतं, तिथे त्यांचा उपयोग होतो. पण सुख-बक्षिसाच्या भागात, जिथे डोपामिनचा संदेश टिपणारे डी-३ रिसेप्टर दाट असतात, तिथलं डोपामिन आजाराच्या सुरुवातीला बरंच शाबूत असतं. तिथे हा डोस जास्तीचा ठरतो आणि ‘आता पुरे’ म्हणणारा ब्रेक सैल होतो. अमेरिका-कॅनडातल्या ३,०९० शुभार्थींच्या (पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या) पाहणीत (२०१०) ही औषधं घेणाऱ्यांपैकी १७.१ टक्क्यांत असे नाद आढळले, न घेणाऱ्यांत ६.९. कमी वयाचे, सिगारेट ओढणारे, घराण्यात जुगार असलेले यांत धोका जास्त. गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांनीही नाद लागू शकतो, त्यामुळे एकदा विचारून भागत नाही.

‘काही चाळा?’ हेही तुम्ही विचारता. रेडिओ उघडायचा, स्क्रू वर्तमानपत्रावर मापाप्रमाणे मांडायचे, पहाट होते तरी जोडायचा नाही. बघणाऱ्याला ती हौस वाटते, पण तोही याच औषधांचा परिणाम असू शकतो.

महिन्याची लेव्होडोपा (पार्किन्सन्सचं मुख्य औषध) वीस दिवसांत संपली, हे तर तुमच्याइतकं लवकर कुणालाच कळत नाही. नेमून दिल्यापेक्षा जास्त गोळ्या घेण्याची ओढ हा याच घरातला प्रकार.

दुसरा उपकार मोठा आहे: ‘आजपासून बंद करा’ असं तुम्ही कधीच म्हणत नाही. गोळी एकदम थांबवली तर अंग ताठरतं, ताप चढतो, शुद्ध हरपू शकते. हळूहळू कमी करतानाही काहींना धडकी, घाम, उदासी आणि त्याच गोळीची ओढ लागते, आणि लेव्होडोपा वाढवूनही ती शमत नाही. म्हणून उतरवण्याचा तक्ता न्यूरोलॉजिस्टनेच लिहून द्यायचा. ईआर (शरीरात हळूहळू सुटणारी) गोळी अर्धी करून घरगुती तक्ता बनवू नका, हे तुम्ही पाकिटावर पेनाने लिहून देता, तेही फार कामाचं.

गोळी उतरेपर्यंत आठवडे जातात, पैसे मात्र एका रात्रीत. तुम्ही सांगितलेली सोय आम्ही आता सगळ्यांना सांगतो: शुभार्थीच्या यूपीआयला जोडलेल्या खात्यात खर्चापुरतेच पैसे, क्रेडिट कार्डाची मर्यादा कमी, मुदत ठेव दोघांच्या सहीवर. तीही शुभार्थीशी बोलून. चोरून केलं तर भांडण आणि लपवाछपवी वाढते.

एक विनंती. याच गटातल्या रोटिगोटिनचा, कातडीवर चिकटवायचा पॅच नेणाऱ्यांनाही हेच विचारा. आणि रात्री पाय वळवळतात म्हणून प्रामिपेक्सोल नेणाऱ्यांनाही. त्यांना पार्किन्सन्स नसतो, डोस लहान असतो, म्हणून त्यांना कुणी विचारतच नाही.

आपले,
परिसरातले शुभंकर