आतली बातमी मागितलीत, म्हणून हे पत्र

बजाजनगर, वाळूज

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचा मेसेज मिळाला. ज्या पार्टवाल्या कंपनीचे शेअर तुम्ही घेताय, तिची आतली बातमी मागितलीत. फोनच केला असता, पण फोनवर आपलं काय होतं ते आईला माहीत आहे. तुम्ही म्हणणार, "तुला बाजारातलं काय कळतंय?" मी म्हणणार, "मग विचारता कशाला?" आणि आई फोन ओढून घेऊन मी जेवले का ते विचारणार. म्हणून लिहितेय. आईलाही मोठ्यानं वाचून दाखवा, मधलं गाळू नका.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. त्या कंपनीचा माल आमच्याकडे येतो का, किती येतो, त्यांची बिलं कधी निघतात, यातलं काही मी सांगणार नाही. मी व्हेंडर पेमेंटला बसते, म्हणजे माल पुरवणाऱ्यांची बिलं माझ्याकडून जातात. माझ्या टेबलावर जे दिसतं ते ऐकून घरच्यांनी शेअर घेतले किंवा विकले, तर शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीच्या 2015 च्या इन्सायडर ट्रेडिंगच्या नियमांत ते बसतं. माझी नोकरी जाईल ती जाईल, नोटीस तुमच्याही नावानं निघेल. "बापाला सांगायला काय झालं?" असं तुम्ही लिहिलंय. बापालाच सांगायचं नसतं बाबा, नियम त्याच्यासाठीच आहे.

आणि आतली बातमी लागतच नाही. जे उघड आहे तेच पुष्कळ आहे.

तुमचं म्हणणं मला कळतं. आख्खी नोकरी डेपोच्या वर्कशॉपमध्ये गेली. बेअरिंग कानाशी धरून फिरवलं की किती दिवस चालेल ते तुम्ही सांगायचात, आणि तेवढंच चालायचं. या कंपनीचा पार्ट तुम्ही हातानं बसवलेला आहे, तो चांगला आहे, हेही मान्य. पण पार्ट चांगला म्हणून कंपनी चांगली, आणि कंपनी चांगली म्हणून सहा रुपयांचा शेअर फुकटात पडतोय, हे काही मला पटत नाही.

सहा रुपये म्हणजे स्वस्त, हे कुणी ठरवलं? वहीत मांडून बघा. समजा कंपनीचे 50 कोटी शेअर आहेत. सहा रुपयांनी झाले 300 कोटी. तिच्या डोक्यावर बँकांचं कर्ज आहे समजा 1,200 कोटी. म्हणजे तो कारखाना बाजारात 1,500 कोटींना पडतोय, 300 ला नाही. आता वर्षाची विक्री 1,000 कोटी धरा, आणि पगार, वीज, पोलाद, भाडं सगळं जाऊन शेकडा आठ उरतात असं धरा. राहिले 80 कोटी. कर्जावर 11 टक्क्यांनी व्याज किती? 132 कोटी. मुद्दल बाजूलाच, इथं व्याजच भागत नाही. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत. खरे आकडे कंपनीच्या तिमाही निकालात छापलेले असतात, मोबाईलवर फुकट मिळतात. सोबत प्रवर्तकांनी आपले किती शेअर गहाण टाकलेत तेही भागधारणेच्या तक्त्यात असतं. तुमच्या कंपनीचे हे दोन कागद काढा आणि याच पद्धतीनं मांडा. आतल्या बातमीपेक्षा ते खरं निघेल.

आपल्या धंद्यात उरतं कमी, हे तर तुम्हालाही माहीत आहे. गाडी बनवणारी कंपनी दरवर्षी भाव कमी करून मागते. पोलाद महागलं की ती वाढ मान्य व्हायला महिने जातात, तोवर सप्लायर पदरचं घालतो. आर्डर येईल या भरवशावर कर्ज काढून मशिनी घेतलेल्या असतात, आणि आर्डर आली नाही तरी हप्ता येतोच. त्यात 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं, म्हणजे गाडीच्या धुराचे कडक नियम, त्याचा खर्च. आता इलेक्ट्रिकचं वारं. तुमच्या त्या शेअरवाल्या ग्रुपवर 'बिडकीनला टोयोटा येतेय, सगळे पार्टवाले उडणार' असं फिरतंय ना? जुलै 2024 मध्ये टोयोटा किर्लोस्करनं राज्य सरकारशी करार केला, हे खरं. पण निव्वळ बॅटरीच्या गाडीला क्लच लागत नाही, सायलेन्सर लागत नाही, पिस्टन लागत नाही. जो सप्लायर हेच बनवतो त्यानं बिडकीनच्या बातमीवर का उडायचं? तुम्ही मेकॅनिक आहात, मी नाही. तुम्हीच सांगा.

मला जे सांगायचंय ते पुढं आहे. कंपनी बुडाली तरी कारखाना चालू राहतो. गेट उघडं असतं, शिफ्ट लागते, पार्ट दुकानात मिळतो, बोर्डही तोच असतो. आणि तुमचा शेअर तेवढा शून्य होतो. तुम्ही म्हणता, "कंपनी कुठं पळून जायलीय, मशिनी हायेत, जागा हाय." मशिनी आहेत, पण तुमच्या नाहीत. 2016 च्या दिवाळखोरीच्या कायद्यात कोणी कधी जेवायचं याची पंगत लावून दिलेली आहे. आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांचं मागच्या 24 महिन्यांचं देणं आणि तारण घेतलेल्या बँका, दोघं एका ओळीत. मग बाकीचे कर्मचारी, विनातारण कर्ज देणारे, सरकारी देणी. साधा शेअरवाला सगळ्यांच्या शेवटी. तिथपर्यंत पातेलं पोचत नाही, कारण बँकांचंच पोट भरलेलं नसतं.

लांब कशाला, पैठण रोडवरचं चितेगाव घ्या, व्हिडिओकॉनच्या कारखान्याचं. व्हिडिओकॉनचा टीव्ही आपल्या भागात कुणाच्या घरी नव्हता? कंपनी कर्जात बुडाली, आणि जून 2021 मध्ये दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणानं ती दुसऱ्याला द्यायची जी योजना मंजूर केली तिच्यात बँकांनाच शंभरातले चार-पाच रुपये मिळायचे होते, आणि शेअरधारकांना काही नाही. शेअरचे व्यवहार थांबले. पुढं जानेवारी 2022 मध्ये वरच्या न्यायाधिकरणानं ती योजना रद्द केली, पण त्यानं शेअरवाल्याच्या हातात काही पडलं नाही. योजना मंजूर व्हायच्या आदल्या महिन्यापर्यंत लोक तो शेअर घेत होते. का? तर स्वस्त होता.

आणि पार्टवाल्यांतलंच उदाहरण हवं तर डेल्फी. डिझेल पंपावर हे नाव तुम्ही वाचलेलं आहे. अमेरिकेतली मूळ कंपनी, जनरल मोटर्समधून 1999 मध्ये वेगळी झालेली. ऑक्टोबर 2005 मध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. शेअर सेंटांत आला आणि तिथल्या छोट्या लोकांनी तो गोळा केला, अगदी तुमच्यासारखाच विचार करून: एवढी मोठी कंपनी, एवढ्या गाड्यांत तिचा माल, बुडेल कशी? आणि मधे तो चढलाही बरं का. एक बडा फंड पैसे घालणार म्हणून बातम्या आल्या, सेंटांतला शेअर डॉलरांत गेला. एप्रिल 2008 मध्ये त्या फंडानं हात काढून घेतला. 2009 मध्ये धंदा कर्ज देणाऱ्यांकडे गेला आणि जुने शेअर रद्द झाले. 2011 मध्ये डेल्फी नावानंच नवे शेअर 22 डॉलरला बाजारात आले, पण ते दुसऱ्यांचे होते. लोकांचा अंदाज बरोबर ठरला, कंपनी खरंच बुडाली नाही.

आता तुम्ही रुची सोया काढणार, ती दिवाळखोरीत गेलेली खाद्यतेलाची कंपनी. मला ठाऊक आहे, ग्रुपवर शेअर सुचवणाऱ्या तुमच्या त्या 'सरां'चं ते आवडतं उदाहरण आहे, आणि लातूरकडच्या सोयाबीनवाल्यांना नावही ओळखीचं. तीन रुपयांचा शेअर दीड हजारावर गेला म्हणतात. त्यात एक गोष्ट गाळतात. पतंजलीनं कंपनी घेतली तेव्हा जुन्या शेअरवाल्यांचे 100 शेअर जाऊन त्या जागी एक आला. जानेवारी 2020 मध्ये शेअर पुन्हा सुरू झाला तेव्हा 98 टक्क्यांहून जास्त शेअर नव्या मालकांकडे होते. बाजारात विकायला शेअरच नव्हते, म्हणून भाव चढला. तुमच्या तीन रुपयांचे दीड हजार झाले नाहीत, तीनशेचे झाले. तरी पाचपट झाले म्हणाल. झाले. पण असं एक दाखवायला मिळतं तेव्हा शून्य झालेल्यांची नावं कुणी काढत नाही.

कंपनी आजारी पडते ते मी जवळून बघितलंय, म्हणून एक सांगते. ही शेअर बाजारातली कंपनी नव्हती, इथलीच एक डाय कास्टिंगची, म्हणजे डायमध्ये (साच्यात) धातू ओतून पार्ट बनवणारी, नाव नको. बऱ्याच सप्लायरकडे असलेल्या डाय गाडीवाल्या कंपनीच्या मालकीच्या असतात. सप्लायरची मशीन, पण साचा गिऱ्हाइकाचा. प्रत्येक डायवर पत्र्याची छोटी पट्टी रिव्हेट केलेली असते, तिच्यावर मालमत्ता क्रमांक. त्या दिवशी आमच्या टीमला यादी घेऊन पाठवलं, डाय मोजून ताब्यात घ्यायला. संध्याकाळची शिफ्ट होती. हायड्रा क्रेन आली, ट्रेलर आला. मी टॉर्च मारून पट्ट्यांवरचे नंबर वाचायचे आणि यादीत टिक करायचे. एका पट्टीवर इतकं ग्रीस बसलं होतं की तिथल्याच ऑपरेटरनं आपल्या कपड्यानं पुसून दिलं आणि नंबर मला वाचून दाखवला. त्याला माहीत होतं ती डाय कुठं चालली. मशिनी तिथंच राहिल्या, चकाचक, चालू. डाय गेल्यावर त्यांच्यावर बनवणार काय?

बाहेर टपरीवाल्याला हे सगळं आमच्या आधी माहीत होतं. तिसऱ्या शिफ्टचा चहा बंद झाला तेव्हाच तो उधारी वसूल करायला लागला होता. बाबा, तुम्हाला एखाद्या कंपनीचा अंदाज घ्यायचाच असेल तर गेटवर जाऊन बसा, कॉन्ट्रॅक्टवरची पोरं किती आत जातात ते बघा. हे तुम्हाला त्या मोबाईलवाल्या सरांपेक्षा नक्की जास्त कळेल. ही गंमत म्हणून लिहीत नाही.

त्या सरांबद्दल एकच. तुम्ही म्हणता तो फी घेत नाही. तो कशाला घेईल? त्यानं दोन रुपयांना भरून ठेवलेला माल तुम्ही सहाला उचलताय, हीच त्याची फी. रोज पाच टक्क्यांचं अप्पर सर्किट, म्हणजे दिवसात भाव चढायची मर्यादा, लागतं तेव्हा तुम्हाला वाटतं सगळे घ्यायला धावतायत. खरं म्हणजे थोड्याच शेअरांची इकडून तिकडं फिरवाफिरवी चाललेली असते. उलटं फिरलं की लोअर सर्किट लागतं, नुसते विकणारे उरतात, घेणारा शून्य. सकाळी नवाला ऑर्डर टाकून बसा, रांगेत तुमच्यापुढं लाखो शेअर असतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच टक्के खाली, पुन्हा रांग. ॲपमध्ये शेअरच्या नावाशेजारी एएसएम किंवा जीएसएम असं काही दिसतंय का बघा. ती एक्स्चेंजची देखरेखीची खूण आहे. तुमच्या ग्रुपवर तिला 'मोठा खेळ होणार' म्हणतात, असं ऐकलं. धन्य आहे.

आई, आता तुझं. तू म्हणालीस, "हे सकाळी उठले की मोबाईल घेऊन बसायलेत, अन् आता माझी सही मागायलेत." एफडीच्या कागदावर सही देऊ नकोस. ती एफडी दोघांच्या नावावर आहे, ग्रॅच्युइटीतली आहे, आणि ईपीएस-95 ची पेन्शन किती येते ते तुला किराणा भरताना कळतंच. भांडू मात्र नको. बाबांना रिटायर झाल्यावर करमत नव्हतं, हे मीही बघितलंय. सकाळी सव्वानऊला कुणीतरी त्यांना 'काय वाटतं मास्तर?' म्हणून विचारतं, त्याचं त्यांना बरं वाटतं. तेवढं राहू दे.

बाबा, माझं म्हणणं असं आहे. चौदाला घेतलेत, मग नऊला, मग सहाला, ॲव्हरेज करतोय म्हणता. आता थांबा. आहेत त्यातले निम्मे, घेणारा आहे तोवर विकून टाका. तोटा होईल, तो होऊ द्या. उरलेले तुमच्या हौसेचे. ते शंभर झाले तर मला पैठणी घ्या, मी गपगुमान नेसेन. पण त्यात नवा रुपया घालायचा नाही, आणि दोघांच्या नावावरच्या पैशाला हात लावायचा नाही.

एफडी पुढच्या महिन्यात सुटतेय. ती पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकू. सध्या 8.2 टक्के आहे, 30 लाखांपर्यंत ठेवता येतात, पाच वर्षं, व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात. दहा लाख ठेवले तर तिमाहीला 20,500 रुपये येतात. मी दुसऱ्या शनिवारच्या सुट्टीला येतेय, सोमवारी रजा टाकलीय. पोस्टात जाऊ. दोघांचे आधार, पॅन आणि दोन-दोन फोटो काढून ठेवा. आईचा पॅनवरचा फोटो ओळखू येत नाही म्हणून मागच्या वेळी कटकट झाली होती, तिचं मतदान कार्डही बरोबर घ्या. आणि पासबुक छापून आणा, छपाईचं मशीन सोमवारी नेहमी बंद असतं.

परत निघताना तुरीची डाळ घेऊन जाईन, पिशवी भरून ठेव आई.

तुमची,
मनू

ता.क. बाबा, हे पत्र ग्रुपवर टाकू नका. मेडिकलवाल्या काकांना मात्र वाचायला द्या. त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त घेतलेत.