दऱ्यांचा दर्या करणाऱ्या काकाकडून

प्रिय बाय,

तुझं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर लाजशील आणि दोन आठवडे पॅच, म्हणजे कोडातल्या दुरुस्त्या, पाठवणार नाहीस. ते मला परवडायचं नाही.

जुन्या फॉन्टांतला मराठी मजकूर युनिकोडात आणणारा हा कन्व्हर्टर मी २००६ साली गोव्यात फोंड्याला सुरू केला. जत्रेतल्या नाटकांच्या संहिता, देवस्थानांच्या स्मरणिका, सगळं कुठल्या ना कुठल्या बंद पडलेल्या फॉन्टात अडकलेलं. वापरणारे पुष्कळ होते, दुरुस्त करणारा मी एकटा. हा ज्या भाषेत लिहिला होता त्या पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, तेव्हाचं पुनर्लेखनही एकट्यानेच उरकलं.

मदत मागितली नाही असं नाही. एका संस्थेने शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढला, "आमची मुलं पाठवतो" म्हणाले. श्रीफळाची सोलकढी होऊन गेली, मुलं अजून यायची आहेत. एका कंपनीने हाच कोड आपल्या प्रॉडक्टात घातला, त्याबद्दल तक्रार नाही, लायसन्सच तसं आहे, कोड कोणीही वापरावा. पण शुक्रवारी संध्याकाळी मेल यायचा: सोमवारपर्यंत बग काढून द्या. ऑक्टोबरात हॅक्टोबरफेस्ट नावाच्या उपक्रमातल्या टी-शर्टाच्या आशेने रीडमीतला, म्हणजे माहितीपत्रकातला, एक स्वल्पविराम हलवून पुल रिक्वेस्ट (बदल आत घ्या अशी विनंती) धाडणारे वेगळेच.

दोष माझाही होता म्हणा. "सुरुवात कुठून करू?" असं कोणी विचारलं की मी लिहायचो, "कोड वाचा." माणूस परत फिरकायचा नाही, आणि मी घरात बडबडायचो, आजकालच्या पोरांत चिकाटी नाही.

तू आलीस तेव्हा मी आधी संशयच घेतला. २०२४ च्या मार्चमधलं एक्सझेड युटिल्सचं, म्हणजे फाइली दाबून लहान करणाऱ्या एका मुक्त सॉफ्टवेअरचं, प्रकरण डोक्यात ताजं होतं. तिथेही कोड सांभाळणारा एकटा, थकलेला मेन्टेनर. दोनेक वर्षं निमूट मदत करून विश्वास मिळवलेला नवखा. आणि शेवटी त्यानेच लपवून ठेवलेलं चोरदार. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला खटकलं म्हणून ते उघडकीस आलं. ते वाचल्यापासून मी आतून कडी लावून बसलो होतो. त्यात तुझा पहिला संदेश: "काका, तुमच्या कन्व्हर्टरने आमच्या सत्तरी तालुक्यातल्या दऱ्यांचा दर्या केलाय."

हसलो. मग तपासलं, तर खरंच. त्या एका फॉन्टातला अर्ध्या र चा आकार मी सरळ रफारात ढकलत होतो. इतकी वर्षं सह्याद्रीत समुद्र शिरत होता आणि मला पत्ता नाही!

दुरुस्ती तूच केलीस, पण हे पत्र तिच्यासाठी नाही. चवथीच्या दुसऱ्या दिवशी घरात पाहुणे, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली पोरांचा दंगा. रात्री चोरून लॅपटॉप उघडला. कुणा नवख्याने विचारलं होतं, इन्स्टॉल का होत नाही? खाली तुझं उत्तर आधीच पडलेलं: "मीही इथेच अडले होते. चूक तुझी नाही, सूचनांतली तिसरी पायरी चुकलीय. ती दुरुस्त केलीय, आता करून बघ."

तीनदा वाचलं. माझ्याअगोदर दुसऱ्या कोणी उत्तर दिल्याची ही पहिलीच वेळ. आणि "चूक तुझी नाही" हे तर मी कधी कोणाला म्हटलंच नव्हतं. हिने विचारलं, काय झालं? डोळ्यात माटोळीचं काहीतरी पडलं म्हणून सांगितलं.

हुशार माणसं मी खूप पाहिली, त्यांतली निम्मी समोरच्याला मठ्ठ ठरवूनच हुशार झालेली. आपण कुठे ठेचकाळलो ते लक्षात ठेवून मागून येणाऱ्यासाठी तिथला दगड उचलणारी विरळा. गावात पूर्वी अशी माणसं असायची, पावसाच्या आधी न सांगता साकवाची फळी बदलून ठेवणारी. त्यांना कोणी शाल दिली नाही.

तो मुलगा टिकलाय, बरं का. काल त्याने आणखी एकाला उत्तर दिलं, तुझ्याच शब्दांत.

मर्ज करायचा, म्हणजे बदल मूळ कोडात घ्यायचा, अधिकार आजपासून तुलाही दिलाय. अट एकच, माझेसुद्धा पॅच तू तपासल्याशिवाय आत घ्यायचे नाहीत. पहिला पाठवलाय. रीडमीतली "आधी कोड वाचा" ही ओळ काढून टाकलीय, तेवढं बघून घे.

तुझा,
फोंड्याचा काका