रोहित आले का, तेवढं बघून ये

प्रिय काकू,

तुम्ही नाशिकला लेकाकडे निघालात त्या दिवशी सामान चढवण्याच्या गडबडीत नीट बोलणंच झालं नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते आपल्या नेरूळच्या सोसायटीत कुणालाच ठाऊक नाही. शिवाय नोकरी जाऊन घरी बसलेली माणसं आज प्रत्येक इमारतीत आहेत, त्यांच्याही कानावर हे जावं असं वाटतं.

महापेतली माझी नोकरी गेली तेव्हा भेटायला येणारा प्रत्येकजण काही ना काही सुचवून जायचा. सकारात्मक राहा, ध्यान कर, जे होतं ते बऱ्यासाठीच. सगळे मायेनेच बोलत होते, पण ते गेले की दार लावून मी पुन्हा पलंगावर. मुलाखतीत वय कळलं की पुढचा फोन यायचा नाही. केस विंचरायचाही कंटाळा यायला लागला होता.

तुम्ही आलात आणि सल्ला दिलाच नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी. म्हणालात, "अगं, मला काही इतक्यात खाडीपर्यंत जाता येणार नाही. रोहित आले का, तेवढं बघून ये माझ्यासाठी." रोहित म्हणजे फ्लेमिंगो पक्षी. तुमच्यासाठी म्हटल्यावर नाही कसं म्हणणार?

खाडीकाठच्या चाणक्य या नौकाप्रशिक्षण संस्थेच्या मागे जाऊन आले आणि "हो, आलेत" असं दारातूनच सांगितलं. तुम्ही खुर्ची पुढे सरकवलीत. "आलेत म्हणजे? चरत होते की एका पायावर झोपले होते? त्यांच्यात करडी पिल्लं होती का?" मला यातलं काहीच सांगता येईना. दुसऱ्या दिवशी तुमची दुर्बीण गळ्यात अडकवून पुन्हा गेले, आणि या वेळी बघत बसले. डोकं पार उलटं करून चोच पाण्यात घालायची आणि चिखल गाळत गाळत पुढे सरकायचं. मध्येच एक थवा उडाला तेव्हा पंखांखालचा लाल आणि काळा रंग असा काही उघडला की माझ्या तोंडून मोठ्याने "अरे बापरे" निघालं. शेजारी उभे असलेले एक आजोबा वळून हसले. कितीतरी आठवड्यांनी मी अनोळखी माणसाशी बोलले, तेही नोकरी सोडून दुसऱ्या कशाबद्दल.

मग रोजचंच झालं. ओहोटीला रोहित खाडीच्या चिखलात चरायला जातात आणि भरतीने चिखल झाकला की आपल्या पाणथळीत येऊन उभे राहतात, हे तुम्ही सांगितलंत. भरती कधी ते काढायची कोळ्यांची रीतही शिकवलीत: तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढेमागे. त्यामुळे सकाळी उठल्यावर फोनआधी मी भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागले. आज किती वाजता निघायचं, एवढा एक प्रश्न दिवसाला पुरायचा. संध्याकाळी तुमच्याकडे चहा आणि माझा सविस्तर वृत्तान्त. पिल्लं करडी असतात आणि शेवाळातल्या, बारीक जिवांमधल्या रंगद्रव्याने हळूहळू गुलाबी होतात, हे तुम्ही सांगितलंत, तेव्हा दुसऱ्या दिवशी मी फक्त करडी पिल्लंच शोधत बसले. 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ अशी मान्यता, मिळाली म्हणून तुम्ही मजल्यावर पेढे वाटले होते. तेव्हा कशाचे पेढे ते माझ्या डोक्यावरून गेलं होतं. आता कळतं.

पावसाच्या तोंडावर रोहित परतले. मला वाटलं, संपलं. पण तुमची कामं तयारच होती. कोपऱ्यावरचं ताम्हण फुललं का? तळमजल्यावरच्या वायरीला शिंजिराने घरटं बांधलंय म्हणे, खरं का? करावे गावातल्या मावशींकडे निवट्या आल्यात का? त्या मावशींचं तर काय सांगू. टोपलीत वळवळणाऱ्या निवट्या दाखवत, ती चिखलावर कशी उड्या मारते, पाण्याबाहेरही कशी तग धरते, हे त्या इतक्या रंगून सांगत होत्या की मासळी घ्यायची राहूनच गेली. घरी आल्यावर त्यांची नक्कल करून दाखवली तेव्हा तुम्ही डोळे पुसेपर्यंत हसलात. हसण्यात माझाही आवाज होता.

पुढे मी समुपदेशक बाईंकडे जायला लागले. तेही तुमच्याच आग्रहामुळे, कारण रात्रीची झोप काही केल्या येत नव्हती आणि हे पक्ष्यांच्या हातचं नाही, असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. त्यांना खाडीचं सांगितलं तर त्या म्हणाल्या, उपचारातही हेच करतात. मन उत्साही होण्याची वाट न बघता आधी छोटी, आवडीची कृती करायची, मग मन मागून येतं. पीटर ल्युइन्सोन या मानसशास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात यावर बरंच काम केलं. हे वाचणाऱ्या कुणाला असं जवळचं माणूस नसेल किंवा मन फारच खचलं असेल, तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, 14416. फुकट आहे, रात्रीही उचलतात.

काकू, नोकरी अजून पूर्वीसारखी नाही. दोन दुकानांचे हिशेब लिहिते, त्यात घरखर्च जेमतेम भागतो, आणि काही सकाळी अजूनही उठवत नाही. पण अशा सकाळीही तिथी बघते. दिवसाकडे बघायची ही सवय तुम्ही मला लावलीत. "तू खंबीर आहेस" असं एकदाही न म्हणता तुम्ही मला कुणाच्या तरी उपयोगाची ठेवलंत. त्याबद्दल मनापासून आभार मानते.

तुमच्या कुंड्यांना पाणी घालते आहे, मोगऱ्याची काळजी नको. आता गुडघा बरा आहे तर लेकाला म्हणावं, एक दिवस नांदूर मध्यमेश्वरला घेऊन चल. महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ तुमच्या नाशिक जिल्ह्यातच आहे. हिवाळ्यात तिथे बदकांची गर्दी असते. तुमची दुर्बीण माझ्याकडेच राहिली आहे. उद्या कुरिअरने पाठवते, मिळाली की फोन करा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची