मोरपंखीचा घेर

ब्रह्मपुरी

चि. सुप्रियास अनेक आशीर्वाद.

तुझ्याकडून, कॅनडाहून, आम्ही सुखरूप घरी पोचलो. बॅगा उघडायच्या आधी मी टेप घेऊन अंगणात गेलो, म्हणून तुझ्या आईने ऐकवायचं ते ऐकवलंच. फाटकाजवळच्या मोरपंखीचा घेर 62 सेंटीमीटर भरला. तुमचा तो अजस्र रेड सीडर हिच्याच कुळातला! नावावरून मी देवदार समजून बसलो होतो. वनखात्यात जन्म काढलेल्या माणसाने हे कबूल करायचं म्हणजे जिवावरच येतं.

मोजण्यावरून आपली जुंपली होती, आठवतं? आम्ही घेर मोजतो, तुम्ही व्यास. माप छातीच्या उंचीवर घ्यायचं, पण आमची छाती जमिनीपासून 1.37 मीटरवर, तुमची 1.3 वर. सात सेंटीमीटरसाठी बापलेक भर पावसात अर्धा तास वाद घालत होतो, तेही हजार वर्षं जुन्या झाडांखाली. त्यातलं एक खोड मी बोटांनी वाजवलं, तर रिकाम्या रांजणासारखं वाजलं. गाभाच नाही, वलयं मोजणार कशी? त्याच जंगलात एके काळी तोडायच्या झाडांना खुणेच्या फिती बांधल्या होत्या. विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याच्या नजरेस त्या पडल्या, बोभाटा झाला, आणि 2016 साली तिथे उद्यान झालं. मी किती झाडांवर तोडीच्या मार्किंगचा हातोडा मारला असेल, हा हिशोब विमानात बसून करत होतो. लागला नाही.

तू त्या एवढ्याशा मॅकब्राइड गावातच राहणार म्हणालीस तेव्हा मी फोन ठेवून दिला होता. 2021 च्या जनगणनेत 588 माणसं. आपल्या वॉर्डात याहून जास्त मतदार आहेत. रेल्वेने 1913 च्या सुमारास वसवलेलं गाव आणि आता आठवड्यातून तीनदा प्रवासी गाडी. कॅनडात जाऊन खेडंच गाठायचं होतं तर ब्रह्मपुरी काय वाईट होती, असं मी चारचौघांत बोललोही. ते शब्द परत घेतो.

तुझे शेजारी आजोबा कापलेल्या गवताच्या कडेला उभे राहून ढगांकडे बघत होते ना, तेव्हा मला आपल्या शेतातल्या भाताच्या भिजलेल्या कडपा दिसल्या. भाषा पुरती कळत नव्हती, चेहरा कळत होता. रात्री नऊला उजेड होता, तरी ट्रॅक्टर थांबला नव्हता. आरामशीन बंद पडली तेव्हा किती घरं उठून गेली, ते त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. आपली मात्र गुरं आहेत, गवत आहे, म्हणून टिकलो, म्हणाले.

आणि ते तुमच्या गावाचं जंगल. जमीन सरकारची, तोडीचा हक्क गावाच्याच कंपनीकडे, पैसा गावात. आमच्याकडे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर अख्ख्या गावाचा हक्क, मिळाला, तेव्हा मी नोकरीत होतो. गावकरी बांबू उजाड करतील, असं मी पैजेवर सांगत होतो. पैज हरलो, पण कुणाजवळ बोललो नाही. तुझ्याजवळ आज बोलतो.

लोणचं फ्रिजमध्ये ठेव. थंडीत एकटी जंगलात जाऊ नकोस, अस्वलांचं मला सांगू नकोस, आपल्याकडेही आहेत. घरामागच्या त्या कोवळ्या सीडरचं माप कळव. 1.3 वर घेतलंस तरी चालेल.

तुझे,
बाबा