लखपती करणारी नाणी

महोदय,

‘तुमच्याकडे वैष्णोदेवीचे नाणे आहे? मग व्हा लखपती!’ अशी बातमी अधूनमधून कुठल्या ना कुठल्या वृत्तसंकेतस्थळावर झळकते आणि आम्हा नाणी जमवणाऱ्यांचे फोन सुरू होतात. लोक डबे भरून नाणी घेऊन येतात. ‘काका, ही चालू नाणी आहेत, खुशाल भाजी आणा,’ असे सांगितले की मीच त्यांना लुबाडतो आहे अशा नजरेने बघतात.

वैष्णोदेवीचे 2012 सालचे पाच आणि दहा रुपयांचे नाणे काय किंवा 1999 चे शिवछत्रपतींचे दोन रुपयांचे नाणे काय, ही स्मारक नाणी असली तरी चलनात फिरण्यासाठीच पाडलेली. हात न लागलेले, कोरे करकरीत असेल तर हौशी माणूस थोडे वर पैसे देईल, इतकेच. मग बातमीतले लाखांचे आकडे येतात कुठून? जुन्या वस्तू विकण्याच्या संकेतस्थळावर कुणीही कसलीही किंमत टाकू शकतो. ती मागितलेली किंमत. त्या किमतीला नाणे विकले गेले असे नव्हे. खरा भाव बघायचा तर लिलावगृहांचे निकाल बघावेत. ते इंटरनेटवर कुणालाही दिसतात, पण ते बघून बातमी लिहिलेली निदान माझ्या तरी पाहण्यात नाही.

जुने म्हणजे महाग, हाही असाच समज. राणीछाप म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा रुपया 11.66 ग्रॅमचा, त्यात जवळजवळ 92 टक्के चांदी. त्यामुळे चांदीचा भाव तरी त्याला मिळतोच, पण बहुतेक वर्षांच्या रुपयांना त्याहून फार मिळत नाही. पंचम जॉर्जचा 1911 चा रुपया मात्र वेगळा. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, गदारोळ झाला, सरकारने नक्षी बदलली आणि लोकांच्या हाती न गेलेले बहुतेक रुपये वितळवले. म्हणून त्याला मागणी. उलट 1947 चा वाघाचा रुपया अनेकजण चांदीचा म्हणून जपतात. तो निकेलचा आहे. चुंबक लावा, चटकन चिकटेल.

सर्वांत वाईट प्रकार ‘ईस्ट इंडिया कंपनी 1818’ असे लिहिलेल्या, रामदरबार किंवा लक्ष्मी असलेल्या ‘अर्ध्या आण्या’चा. असली नाणी कंपनीने कधी पाडलीच नाहीत. ती पुढे केव्हातरी बनवलेली देवादिकांची टोकने, म्हणजे नाण्यासारखे दिसणारे बिल्ले. देव्हाऱ्यात खुशाल ठेवावीत, पण त्यांच्यापायी लोकांनी पैसे घालवलेले मी पाहिले आहेत. पद्धत ठरलेली: फोनवरचा माणूस नाणे लाखांना घ्यायला तयार होतो आणि आधी ‘नोंदणी’, मग ‘कर’, मग ‘कमिशन’ मागतो. रिझर्व्ह बँकेचे बोधचिन्ह छापलेले पत्रही पाठवतो. आपण अशा खरेदी-विक्रीत नाही आणि त्यासाठी शुल्कही घेत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केले होते. त्या खुलाशाला लखपतीच्या बातमीइतकी जागा मिळाली नाही.

घरात खरोखर जुने काही निघाले तर चिंच लावून घासू नका एवढी विनंती. दुदांडी शिवराई, म्हणजे मराठेशाहीतले तांब्याचे नाणे, लखलखीत करून आणली की जाणकार ती हातातही धरत नाही. इथे नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्था आणि तिचे संग्रहालय आहे. तिथली नाणी एकदा नीट पाहिली तरी नजर तयार होऊ लागते. घरातली नाणी सोडा, पण जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या गुप्तधनाची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना देणे 1878 च्या कायद्याने बंधनकारक आहे. हेही या बातम्यांत कधी येत नाही.

आपल्या दैनिकाने नाण्यांच्या किमतीची बातमी देताना ते नाणे कोणत्या लिलावात, कधी आणि कितीला गेले हे सोबत छापावे. ते मिळत नसेल तर बातमीच देऊ नये.

– एक नाणेसंग्राहक, नाशिक