त्या गोळीबद्दल मुलग्यांनाही माहीत हवं

चि. दादास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू बोलता बोलता म्हणालास, की वर्गातल्या एका मुलीने ‘ती’ गोळी घेतल्याचं सगळीकडे झालंय आणि मुलं तिच्याबद्दल वाट्टेल ते बोलतायत. वर म्हणालास, “पाडलं असणार तिने.” तुझ्या आजूबाजूला मित्रांचा आवाज येत होता, म्हणून मी तेव्हा विषय वाढवला नाही. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. माझा जन्म स्त्रीरोग विभागाच्या ओपीडीत गेला, आणि हेच वाक्य मी तिथे शिकल्यासवरल्या मुलामुलींच्या, त्यांच्या आयांच्या तोंडून ऐकत आले आहे. तुझ्या तोंडी ते राहू नये, म्हणून हे पत्र.

तिने काही पाडलेलं नाही. संबंधानंतर दिवस जाऊ नयेत म्हणून तातडीने घ्यायची गोळी वेगळी आणि गर्भपाताची गोळी वेगळी. गर्भपाताच्या औषधांची नावं मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल. ती दिवस गेल्यावर द्यायची असतात. तातडीच्या गोळीत असतं लेवोनॉरजेस्ट्रेल, किंवा दुसऱ्या प्रकारात युलिप्रिस्टल. संबंध आला की लगेच गर्भ राहतो अशी तुम्हा मुलांची समजूत असते, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. बीजांड मात्र बीजकोशातून बाहेर पडल्यावर जेमतेम एक दिवस टिकतं. त्यामुळे संबंध आणि गर्भधारणा यांत पुष्कळदा काही दिवसांचं अंतर असतं, आणि गोळी त्याच अंतरात काम करते. ती बीजांड बाहेर पडणं लांबवते. ते येईपर्यंत शुक्राणू संपलेले असतात, त्यामुळे दोघांची गाठच पडत नाही. आधीच दिवस गेले असतील, तर ही गोळी गर्भ पाडूही शकत नाही आणि त्याला अपायही करत नाही.

हे एकदा कळलं की उशीर का चालत नाही, तेही कळतं. बीजांड बाहेर पडून गेलं असेल, तर गोळी घेऊन उपयोग होत नाही. म्हणून जितक्या लवकर घेशील तितकं चांगलं. लेवोनॉरजेस्ट्रेलची दीड मिलिग्रॅमची एकच गोळी असते, ती 72 तासांच्या आत घ्यायची. त्यानंतर पाचव्या दिवसापर्यंत थोडाफार उपयोग होऊ शकतो, पण भरवसा कमी. युलिप्रिस्टल 120 तासांपर्यंत, म्हणजे पूर्ण पाच दिवस चालते. आणि ज्याचं नाव कॉलेजातल्या मुलांनी या संदर्भात बहुधा ऐकलेलंच नसतं, ती कॉपर-टी, म्हणजे गर्भाशयात बसवायचं तांब्याचं छोटंसं साधन. पाच दिवसांच्या आत डॉक्टरांकडून बसवून घेतली, तर शंभरातल्या नव्याण्णवाहून जास्त वेळा गर्भ राहत नाही, आणि पुढची कित्येक वर्षं वेगळ्या साधनाची गरजही उरत नाही. तुझ्या वयाच्या मुलींना ती बसवता येत नाही हा निव्वळ गैरसमज आहे.

विद्यार्थ्यांना याबाबत काय ठाऊक असतं, याच्या पाहण्या जगभर झाल्या आहेत, आणि त्यांत पुन्हा पुन्हा तेच दिसतं: गोळीचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं, पण ती किती तासांत घ्यायची हे थोड्यांनाच सांगता येतं. ओपीडीतला माझा अनुभवही तोच. एक मुलगी आली होती, तुझ्याच वयाची. पर्समधून तिने गोळीचं पाकीट काढलं, अजून न फोडलेलं. शनिवारी कंडोम फाटला होता. रविवारी मैत्रीण म्हणाली, ही गोळी घेतलीस तर पुढे कधीच मूल होणार नाही. सोमवारी दुसरी म्हणाली, पाळीची वाट बघ. मंगळवारी हिने हिंमत करून गोळी आणली, पण देणाऱ्याने तिच्याकडे असं काही बघितलं, की आपण पाप करतोय असं वाटून तिने ती तशीच ठेवून दिली. बुधवारी संध्याकाळी ती आमच्याकडे आली. पाकिटातली माहितीची चिठ्ठी तिने उघडून बघितली होती, पण त्या बारीक अक्षरातलं एक अक्षरही भीतीमुळे तिच्या डोक्यात शिरलं नव्हतं. बरोबरचा मुलगा बाहेर जिन्यापाशी उभा होता. डॉक्टरांनी तिला कॉपर-टीचा पर्याय नीट समजावून सांगितला आणि तिने तो घेतला. पण ते चार दिवस गेले कशात, ते बघ. औषध हातात असून ती थांबली होती, कारण लोक काय म्हणतील याची तिला दिवस जाण्यापेक्षा जास्त धास्ती होती.

तुझ्या वर्गात त्या मुलीबद्दल जे बोललं जातंय, ते बाकीच्या मुलींच्याही कानावर जातंय. त्यातल्या एखादीवर उद्या ही वेळ आली, तर ती हे बोलणं आठवून दोन दिवस गप्प बसेल. याचा मला खरोखर राग येतो, दादा.

शिवाय, त्या मुलीच्या बाबतीत काय घडलं हे तुमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही. कंडोम फाटला असेल, रोजची गोळी चुकली असेल. तिच्यावर कुणी जबरदस्तीही केली असेल. जबरदस्ती झालेल्या मुलीला तर या गोळीबरोबर आणखीही उपचार तातडीने लागतात. एचआयव्ही टाळायची औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात. अशा मुलीने वर्गात पसरलेल्या कुजबुजीला घाबरून दवाखान्यात जायचंच टाळलं तर?

“गोळी सहज मिळायला लागली की मुलं बेफिकीर होतील,” असंही म्हणतात. चांगली शहाणी माणसं म्हणतात. पण काही अभ्यासांत स्त्रियांना ही गोळी आधीपासूनच हाताशी देऊन ठेवली होती, आणि त्यांच्यात असुरक्षित संबंध वाढल्याचं किंवा लैंगिक आजार वाढल्याचं आढळलं नाही. मला तर वाटतं, मुलींच्या चारित्र्याची काळजी वाहणाऱ्यांनी आधी त्यांच्या जिवाची वाहावी.

त्रासाचं थोडक्यात सांगते. मळमळ, डोकेदुखी, थकवा, स्तनांत दुखरेपणा, मधेच थोडा रक्तस्राव, हे होऊ शकतं आणि एक-दोन दिवसांत जातं. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली, तर पुन्हा घ्यावी लागते. पाळी काही दिवस पुढेमागे होते. ती आठवड्याहून जास्त लांबली, तर चाचणी करायची. पुढे मूल होण्यावर हिचा काहीही परिणाम होत नाही. अपस्माराची, म्हणजे फिट येण्याच्या आजाराची, काही औषधं किंवा क्षयाचं रिफॅम्पिसिन चालू असेल, तर गोळीचा जोर कमी पडतो. वजन बरंच जास्त असेल, तरीही लेवोनॉरजेस्ट्रेलवर तितकंसं विसंबता येत नाही. अशा वेळी डॉक्टरांना विचारलेलं बरं. आणि गोळी घेतल्यानंतर पुन्हा संबंध आला, तर त्याला ती संरक्षण देत नाही. ही गोष्ट फार जणांना माहीत नसते.

एका वेळेहून जास्त वेळा घेतली तर चालते का, असं तू विचारशील. घातक नाही. पण पाळीचं चक्र बिघडतं, आणि रोजच्या गोळीइतका किंवा कॉपर-टीइतका तिचा भरवसा नाही. तातडीचा उपाय तातडीपुरताच ठेवावा. लैंगिक आजारांपासून तर ती अजिबात वाचवत नाही, ते काम कंडोमचंच, आणि कंडोम बरोबर बाळगणं ही तुझी जबाबदारी आहे. “तिचं ती बघेल” हे मला तुझ्याकडून कधी ऐकायचं नाही. तो जिन्यापाशी उभा राहिलेला मुलगा वाईट नव्हता रे. ओपीडीच्या दारापर्यंत तरी आला होता. पण आत येऊन तिच्या शेजारी बसणं, गोळी आणायला आपण जाणं, तास मोजणं, उलटी झाली तर जागं राहणं, हे त्याचंही काम आहे असं त्याला कुणी सांगितलंच नसावं. मी तुला सांगते आहे.

त्या मुलीचा विषय वर्गात पुन्हा निघाला, तर “ती गर्भपाताची गोळी नाही” एवढं एक वाक्य सगळ्यांना ऐकू जाईल असं बोल. तिच्याकडे जाऊन मात्र काही विचारू नकोस, तिला तेवढी शांतता मिळू दे.

आणि तुला, तुझ्या मित्राला, मैत्रिणीला कधी गरज पडली, तर रात्री कितीही वाजलेले असोत, मला फोन कर. कुणासाठी, हे मी विचारणार नाही. फक्त तीन गोष्टी विचारीन: संबंध कधी आला, शेवटची पाळी कधी आली होती, आणि दुसरं कुठलं औषध चालू आहे का. फोन करण्याआधी एवढं विचारून ठेव, म्हणजे वेळ जाणार नाही.

तुझी,
आई